सप्ताहात अवयवदानाबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय, गाव वारकरी आहे, दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो, तिथे अवयवदानाचा विषय काढायचाय, पण ज्येष्ठ मंडळी म्हणतात धर्मात बसत नाही.

एक सांगतो, दधीचींपासून सुरुवात करू नका. त्यांनी हाडं दिली हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक माना डोलावतात आणि पंगतीला बसतात. ते ऋषी, आपण प्रापंचिक, हा हिशेब मनात आधीच झालेला असतो. आणि अडचण शास्त्राची नसतेच. अडचण असते कावळ्याची.

माझी आई २०१६च्या मे महिन्यात गेली, घरीच, पहाटे. नेत्रदान करायचं हे तिने दहा वेळा सांगितलेलं. मी नेत्रपेढीला फोन केला. पलीकडून सांगितलं: पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जमिनीवर घेतात, उशी कुठली? तोंडात तुळशीपत्र ठेवलेलं, गंगाजळ घातलेलं, आणि मी कपाटातून उशी ओढतोय. मे महिना, माजघरात पंचवीस-तीस बायका आणि पंखा बंद. मावशीने तो दोनदा लावला, मी दोनदा बंद केला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. ती माणसं साडेतीन तासांत पोचली. अर्ध्या तासात उरकून, रक्ताचा नमुना घेऊन गेलीसुद्धा. आई झोपल्यासारखी दिसत होती. मावशी वाकून नीट बघून आली आणि गप्प बसली.

दहाव्याला कावळा शिवेना. तास झाला, ऊन चढलं. थोरले चुलते, तात्या, सगळ्यांसमोर म्हणाले, "डोळे काढले तिचे, तिला घास दिसणार कसा?" शेवटी दर्भाचा कावळा केला. ते वाक्य आजही गावात दर दहाव्याला निघतं. घाटावरची चिंच आणि दोन वड रस्त्यासाठी पाडले, ते मात्र कुणी काढत नाही. आदल्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या आजोबांनाही दर्भाचाच कावळा करावा लागला होता, आणि ते तर डोळ्यांसकट गेले होते.

तात्यांचं दुसरं म्हणणं, डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं यावं लागतं. मी म्हटलं, तुमची मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, आतली भिंगं डॉक्टरांनी काढली, त्याचं काय? दातही सगळे काढलेत, मग बोळकं घेऊन जन्मणार? तात्या म्हणाले, "सगळे बोळकं घेऊनच जन्मतात." तिथे मी हरलो. वाद घालून कुणाला पटत नाही, हे माझ्या अनुभवावरून घ्या.

आमच्याकडे फरक पडला तो एका म्हाताऱ्या विणेकऱ्यामुळे. काल्याच्या आदल्या रात्री ते चार माणसांत सहज म्हणाले, "सात दिवस वीणा भुईला टेकत नाही, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहारा संपला म्हणून कोणी वीणा घेऊन घरी जातो का?" माझ्या छापील पत्रकांना जे जमलं नाही ते तेवढ्याने झालं. तुमच्या गावातला असा माणूस शोधा. व्याख्याता आणू नका.

फॉर्म भरून घेण्याचा सोस तर अजिबात नको. माणसाने कार्ड केलेलं असलं तरी ऐन वेळी घरच्यांनाच विचारतात, आणि ते नाही म्हणाले की विषय संपला. म्हणून मुलाला, सुनेला, जावयाला सांगून ठेवायला लावा, आणि घरात जो कोणी तात्या असेल त्याला आधी.

बाकी, लोक सगळं एकत्र कालवतात तेवढं सोडवून सांगा. घरी मृत्यू आला तर डोळे देता येतात, त्वचाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे मेंदू मृत झालेल्या, रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाचं. जिवंतपणीच काढतात असं कुणी म्हणालं तर सांगा, १९९४चा कायदा आहे. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवतं. नंतर देह घरच्यांना मिळतो. अग्नी, अस्थी, दहावं, तेरावं सगळं होतं. देहदान वेगळं, त्यात देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो.

आणि हो, रेबीज, एचआयव्ही, ब किंवा क प्रकारची कावीळ असेल तर डोळे घेत नाहीत. वयाची मात्र आडकाठी नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काही आड येत नाही, कारण कामाला येतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आतलं भिंग नव्हे. म्हणजे ऐंशीच्या घरातल्या तात्यांचेही डोळे चालतील. त्यांचा नातू हे वाचतो, तो सांगेल. चुलतीने तर परवा मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "पंखा किती वेळ बंद ठेवायचा असतो रे?"