वाचकांचे प्रश्न : लेगिंगचे कापड कसे पारखावे?

प्रश्न : व्यायामासाठी घेतलेली लेगिंग दोन महिन्यांतच गुडघ्यांवर ढिली पडली आणि खाली वाकले की आरपार दिसू लागली. नवी घेताना सुती घ्यावी की पॉलिएस्टरची?

उत्तर : तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ सूत सुती की कृत्रिम यात नसून कापडाची वीण, त्याचे वजन आणि त्यातल्या ताणणाऱ्या धाग्याची ताकद यांत आहे. तरीही आधी सुताचे पाहू. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे घामाने भिजलेले सुती कापड जड होऊन अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही; घरी वावरताना किंवा हलकी आसने करताना मात्र ते सुखाचेच वाटते. पॉलिएस्टर झटकन वाळते, पण तेलकट घाम धरून ठेवत असल्याने त्याला वास राहतो. नायलॉन हाताला मऊ लागते आणि घासणीला चांगले टिकते, म्हणून घट्ट लेगिंगसाठी माझी पसंती त्यालाच आहे.

ताण देणारा धागा म्हणजे स्पॅन्डेक्स. लेबलवर इलॅस्टेन लिहिलेले असले तरी धागा तोच, आणि लायक्रा हे त्याचेच एक व्यापारी नाव. घट्ट लेगिंगमध्ये त्याचे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असते, परंतु नुसत्या आकड्यावर विसंबू नये. गुडघ्याजवळचे कापड दोन्ही हातांनी आडवे आणि उभे ताणून सोडावे. ते लगेच सपाट न होता तिथे फुगवटा राहिला, तर पुढे तुमच्या गुडघ्यावरही तो राहणारच. मग मूठ आत घालून कापड ताणावे व उजेडात धरावे. बोटांची पेरे दिसली किंवा गडद रंगातून पांढरट झाक डोकावली, तर ती लेगिंग परत ठेवावी.

कापडाच्या दोन्ही बाजूही पाहाव्यात. उलट-सुलट सारखीच दिसणारी दुहेरी इंटरलॉक वीण सहसा एकेरी जर्सीपेक्षा, म्हणजे साध्या टी-शर्टला असते तशा विणीपेक्षा, भरीव असते. कापडाचे वजन दिलेले असल्यास चौरस मीटरला २२० ग्रॅमच्या खालचे कापड व्यायामाच्या लेगिंगसाठी मी तरी घेणार नाही. आतून खरवडून मऊ केलेले कापड हाताला फार लोभस लागते खरे, पण मांड्या घासतात तिथे त्यावरच आधी धाग्यांचे बारीक गोळे येतात.

आणखी एक शंका मनात येते : गरम पाणी, ड्रायर, इस्त्री किंवा क्लोरीनचे ब्लीच यांपैकी काही तुम्ही वापरत होता का? स्पॅन्डेक्स यांनीच लवकर निकामी होतो. लेगिंग आतली बाजू बाहेर काढून गार पाण्यात धुवावी. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसून घाम शोषला जात नाही, म्हणून तो टाळावा.

मापाचेही पाहा. पोट आवळले जावे म्हणून एक माप लहान घेतले, तर चांगले कापडही सतत जास्त ताणलेले राहते, विरळ होते आणि वाकताना पुन्हा आरपार दिसते.