एक्सेल शीट बघितली, आता ऐक

अगं तुझ्या जपान ट्रिपची शीट काल रात्री बघितली. रंग छान भरलेत. पण १२ दिवसांत निसेको, साप्पोरो, हाकुबा, टोकियो, क्योटो, ओसाका आणि वर हिरोशिमा, हे बघून मला आपली यात्रा कंपनीवाल्यांची अष्टविनायक बस आठवली, दर्शन घ्या आणि चढा. तू एकटी जाणारेस, सामान तूच उचलणारेस, आयुष्यात पहिल्यांदा स्की पायाला लावणारेस, आणि जपानात थंडीत साडेचारला अंधार पडतो, साप्पोरोला तर डिसेंबरात चारलाच. म्हणजे तुझे १२ दिवस हे उन्हाळ्यातले आठच समज.

मी नऊ वर्षं निशीकासाईला राहिले हे तुला माहितीये, टोकियोतली ती आपली भारतीय वस्ती, जिथे संध्याकाळी बिल्डिंगखाली आधी मराठी ऐकू यायची आणि मग जपानी. स्की मी शिकले अडतिसाव्या वर्षी, त्यामुळे मी काही चॅम्पियन नाही, पण नवशिकी बाई एकटी जाते तेव्हा काय काय चुकतं ते मला पाठ आहे कारण ते सगळं मी केलंय.

आधी बर्फ कुठे पडतो ते समजून घे म्हणजे शीट आपोआप छोटी होईल. माझं माहेर माणमधल्या दहिवडीचं, त्यामुळे मला हे पटकन कळलं. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि तीनेक तासांवर माणमध्ये टँकर लागतो, तसंच तिथे. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा गार वारा येतो, जपानी समुद्रावरून येताना वाफ उचलतो, मधल्या डोंगररांगांना धडकतो आणि सगळं ओझं पश्चिमेकडे टाकतो, आणि पलीकडे टोकियोला पोचतो तेव्हा त्यात काहीच उरलेलं नसतं. म्हणून निइगाता-नागानोकडे माणूसभर बर्फ आणि टोकियोत निळंशार आकाश, फुजी सकाळी स्वच्छ दिसतो आणि ओठ फुटतात. टोकियोहून निइगाताच्या शिनकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, दाइशिमिझू नावाचा २२ किलोमीटरचा बोगदा आहे, अलीकडे ऊन आणि पलीकडे सगळं पांढरं. मी किती वेळा गेले असेन तरी त्या बोगद्यात मोबाईल खाली ठेवायचे.

सांगायचा मुद्दा, बर्फासाठी तुला होक्काइदोला, म्हणजे निसेको-साप्पोरोच्या उत्तरेकडच्या बेटावर, जायची गरजच नाही. निसेको भारीच आहे, पण पहिल्या खेपेला तिथल्या भुसभुशीत बर्फाचा, पावडरीचा, तुला काही उपयोग नाही, नवशिक्याला हलकी खोल पावडर म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला भरतीचा समुद्र. शिवाय बर्फात विमानं रखडतात, ट्रेन बंद पडतात, आणि दोन विमानांच्या मध्ये तुझे दोन दिवस गेले तर काय करशील? साप्पोरोचा स्नो फेस्टिव्हल आणि सूप करी पुढच्या वेळी.

माझं म्हणणं, टोकियोत उतर आणि ओसाकाहून परत ये, मधे एकच रेघ. टोकियो दोन रात्री, मग नागानोतल्या नोझावा ओनसेन या गरम झऱ्यांच्या स्की-गावी पाच रात्री, मग कानाझावा दोन, मग ओसाका आणि त्यातली एक रात्र कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी. टोकियोहून शिनकानसेननी ईयामा, तिथून बसनी अर्ध्या तासात नोझावा, परत ईयामाहून तीच लाईन पुढे कानाझावाला जाते, आणि कानाझावाहून त्सुरुगाला गाडी बदलून ओसाका. सगळ्या जपानचा रेल्वेचा जेआर पास घेऊ नकोस, ऑक्टोबर २०२३ मधे सात दिवसांचा साध्या डब्याचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला आणि तुझ्या या एका रेघेला तो परवडत नाही. टोकियो-कानाझावा-ओसाका या बाजूचा होकुरिकू आर्च पास वेगळा मिळतो, त्याची चालू किंमत आणि सुट्या तिकिटांची बेरीज शेजारी शेजारी मांड, एक्सेलचा तेवढा तरी उपयोग होऊदे.

तारखा पण बदल. २८ डिसेंबरला निघणं डोक्यातून काढ, २९ ते ३ तारखेपर्यंत अर्धी दुकानं बंद, म्युझियमं बंद, आणि आख्खा जपान गावाला निघालेला, आपल्या गणपतीतल्या कोकण गाड्यांसारखा. नोझावाला १५ जानेवारीला दोसोजिन देवाची अग्निपूजा असते, गावातली २५ आणि ४२ वर्षांची पुरुष मंडळी लाकडाच्या मोठ्या मचाणाची राखण करतात आणि बाकीचं गाव मशाली घेऊन ते पेटवायला धावतं. बघण्यासारखं आहे, पण त्या रात्री खोली मिळणं तुला आता अशक्य. १६ नंतर जा. आणि चिनी नववर्ष दरवर्षी मागेपुढे सरकतं, तो आठवडा टाळ.

आता पाच रात्री एकाच गावात का, हे तू विचारणारच. कारण पहिला दिवस तू फक्त पडणारेस. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की पायऱ्या उतरताना उलटं उतरावं लागतं, खोटं नाही सांगत. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी वळायला जमतं आणि चौथ्या दिवशी तू डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमधे बसून मला फोटो पाठवशील. दोन-दोन दिवसांच्या दोन रिसॉर्टांत तो तिसरा दिवस कधी येतच नाही.

क्लास लाव, यावर चर्चा नाही. ग्रुप क्लास लाव, प्रायव्हेट नको, स्वस्त पडतो म्हणून नाही, तर त्यात तुला तुझ्याच लेव्हलची चार माणसं भेटतात आणि पुढचे दिवस डोंगरावर सोबत मिळते. भाड्याच्या दुकानात फॉर्मवर वजन, उंची, वय, कितपत येतं ते विचारतात, तिथे वजन खरं लिही बाई. पडल्यावर बूट स्कीमधून सुटायला हवा आणि तो किती जोरावर सुटेल हे त्या आकड्यांवरून स्क्रू फिरवून ठरवतात, लाजून आठ किलो कमी लिहिलंस तर नको तिथे सुटेल आणि आपल्याला फार येतं असं लिहिलंस तर सुटणारच नाही आणि गुडघा जाईल. बुटात एकच पातळ मोजा. दोन मोजे घातले की जास्त ऊब, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय, पण बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. बूट घालून ताठ उभं असताना बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, सैल वाटला तर मागून घे दुसरा, दुकानदार वैतागत नाही. आतून सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही. जॅकेट पँट भाड्याने मिळते, ग्लोव्हज आणि टोपी आपली आपण न्यायची.

आणि आता जे सांगणारे ते नीट वाच, बाकी पत्र विसरलीस तरी चालेल. जपानी शहरात एकटी बिनधास्त फिर, डोंगरावर एकटी राहू नकोस. माझा तिसरा सीझन होता, कुठलं रिसॉर्ट ते सोड, चूक सर्वस्वी माझीच. शेवटची फेरी, साडेतीन वाजलेले, दोन झाडांमधून कोणीतरी गेल्याची रेघ दिसली आणि मला वाटलं शॉर्टकट आहे. पंधरा मीटरवर छातीपर्यंत आत. एक स्की सुटून गायब, हात टेकायला जावं तर हात पण आतच जातो, जमीनच लागत नाही. ओरडले तर आवाज बर्फात मुरतो, स्वतःलाच लांबून ऐकू यावा तसा. फोन गारठून बंद. चाळीसेक मिनिटं मी फक्त बर्फ थोपटून थोपटून पायाखाली पायरी करत होते, शेवटी दिवसाखेरची फेरी मारणारे गस्तवाले आजोबा आले, काही बोलले नाहीत, मला बाहेर काढलं आणि माझी स्की शोधायला दहा मिनिटं काठीने टोचत बसले. त्यांचं ते न बोलणं मला अजून बोचतं.

मला नंतर कळलं की मी नशीबवान. सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो, वरून कळत नाही, त्यात माणूस डोक्यावर गेला तर एकट्याला बाहेर येता येत नाही आणि श्वास कोंडतो. म्हणून उताराच्या हद्दीला लावलेल्या दोरीच्या पलीकडे जायचं नाही, झाडांत शिरायचं नाही, शेवटच्या लिफ्टच्या आधीची लिफ्ट ही आपली शेवटची. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेव, थंडीत बॅटरी धाडकन उतरते. रिसॉर्टच्या गस्तवाल्यांचा नंबर सेव्ह कर, ॲम्ब्युलन्स ११९, पोलीस ११०. संध्याकाळी राहत्या घरच्या बाईंना सांगून ठेव की मी पाचपर्यंत येते, त्या खरंच वाट बघतात. आणि विमा घेताना स्कीइंग त्यात आहे का ते वाच, साध्या ट्रॅव्हल विम्यात बरेचदा नसतं, आणि असलं तरी आखलेल्या उताराबाहेरचं नसतं.

नोझावा मी सुचवते त्याचं अर्धं कारण स्की नाहीच, अंघोळ आहे. गावात १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, गावकरीच सांभाळतात, फुकट, दाराशी पेटीत काहीतरी टाकायचं. कपडे सगळे काढायचे, हो सगळे. मी पहिल्यांदा कपडे बदलायच्या जागेत टॉवेल धरून पंधरा मिनिटं उभी होते, सातारी संस्कार, मग एक सत्तरीच्या आजी माझ्या शेजारून आरामात आत गेल्या आणि मला माझंच हसू आलं. कोणी बघत नाही गं. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धू, मग पाण्यात, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी भयंकर कढत असतं, थंड नळ सोडायच्या आधी आत बसलेल्या बाईला विचार. गावात ओगामा म्हणून उकळता झरा आहे, बायका त्यात नोझावाना नावाची पालेभाजी उकडतात, बघायचं लांबूनच. त्या भाजीचं लोणचं भातासोबत खा, आपल्या मुळ्याच्या पाल्याची आठवण येते.

खाण्याचं म्हणशील तर तू अंडं खातेस पण मासे नाही, म्हणजे अवघड आहे, कारण मासा दिसत नसला तरी दाशीत, म्हणजे त्यांच्या माशाच्या अर्कात, असतो, सूपमधे, नूडल्सच्या पाण्यात, उकडलेल्या भाजीतसुद्धा. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात, ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेताना आत उमे म्हणजे आंबट प्लम बघ, नागानो बाजूला ओयाकी मिळते, आत भाजी भरलेली जाड पोळीच म्हण ना. आणि मेतकूट ने. कोनबिनीत तयार भाताचं पाकीट मिळतं, तेच गरम करून देतात, वर मेतकूट, बाहेर बर्फ. यापुढे मी काही बोलत नाही.

शहरांत एकटीला जपानसारखं सोपं कुठेच नाही. एकट्या गिऱ्हाईकाला तिथे ओहितोरिसामा असा मानाचा शब्द आहे, काउंटरला एक खुर्ची, मशीनवर तिकीट काढायचं, खायचं, निघायचं, कोणी विचारत नाही सोबत कोण. फक्त डोंगरातली जुन्या पद्धतीची हॉटेलं, म्हणजे र्‍योकान एकटीला खोली द्यायला कुरकुरतात किंवा जास्त पैसे लावतात, त्यापेक्षा मिनशुकू बघ, घरगुती असतं. मोठी बॅग काळ्या मांजरीचं चिन्ह असलेल्या यामातो कुरियरनी पुढे पाठव, हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं की होतं, बर्फात एखादा दिवस जास्त धर आणि एका रात्रीचे कपडे पाठीवर ठेव. बर्फात चाकाची बॅग ओढणं म्हणजे नांगर ओढणं आहे, आणि बैल पण तूच.

कानाझावाला छत्री ठेव, तिकडे म्हण आहे की डबा विसर पण छत्री विसरू नको. केनरोकुएन बागेत पाईनच्या फांद्या ओल्या बर्फाच्या वजनानी मोडू नयेत म्हणून वरून दोऱ्या बांधतात, लांबून छत्रीच्या नुसत्या काड्या उघडल्यासारख्या दिसतात. दोन तास तिथेच काढ, किल्ला नाही बघितला तरी चालेल.

कोयासान मी मुद्दाम टाकलंय. ओसाकातल्या नानबा स्टेशनाहून नानकाई लाईन, शेवटी केबल कार. ८१६ साली कूकाई या बौद्ध भिक्षूंना ही जागा मिळाली, आजही मठात राहता येतं, जेवण शोजिन, म्हणजे मासा नाही मांस नाही दाशीसुद्धा शाकाहारी, पूर्ण ट्रिपमधे तू पहिल्यांदा न विचारता जेवशील. कोयादोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू तिथलाच, थंडीचीच देणगी. आणि तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मधे आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बसवलेला. मी गेले तेव्हा आजूबाजूला गुडघाभर बर्फ होता आणि मी एकटीच, कोणाला फोन करून सांगावं ते सुचेना, शेवटी दहिवडीला आईला केला. ती म्हणाली स्वेटर घातलायस ना.

खोल्या गार असतात हं, होक्काइदो सोडलं तर जपानी घरं थंडीला नीट बांधलेली नाहीत, मठात तर नाहीच. चिकटवायचे कायरो, म्हणजे ऊब देणाऱ्या पुड्या घे, कोनबिनीत मिळतात, कपड्यावरून लाव, कातडीला नाही, भाजतं.

शीट नवीन करून पाठव, आणि कृपा करून त्यात हिरोशिमा परत घालू नकोस, पुढच्या वेळी वसंतात जा. माझे ग्लोव्हज आणि गॉगल इथेच कपाटात पडलेत, विकत घेऊ नकोस, रविवारी चारनंतर मी घरी आहे, हाताला बसतात का ते बघून घेऊन जा. डाव्या ग्लोव्हजचा अंगठा मी शिवलाय.

— ताई