सॅव्हलॉन जंतूंना नेमकं कसं मारतं? जखम साबणाने धुऊन लगेच लावलं तर चालतं का?

धुवा, पण साबणाचा अंश राहू देऊ नका. वाहत्या पाण्याने तो पूर्ण गेला की मगच सॅव्हलॉन लावा, तेही बाटलीवर लिहिलंय तेवढं पाणी घालून. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून कारणही सांगतो.

सॅव्हलॉनमध्ये दोन औषधं असतात: क्लोरहेक्झिडीन ०.३ टक्के आणि सेट्रिमाइड ३ टक्के. दोन्हींच्या रेणूंवर धनभार. उलट जिवाणूच्या पृष्ठभागावर फॉस्फेटमुळे ऋणभार असतो, त्यामुळे हे रेणू तिकडेच खेचले जातात. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन जिवाणूच्या पटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, बांधून ठेवत असतात. त्यांना हुसकावून औषधाचे रेणू ती जागा घेतात. सेट्रिमाइडची लांब, मेदात मिसळणारी कार्बनची शेपटी थेट पटलात घुसते. क्लोरहेक्झिडीनच्या मधला दुवा फक्त सहा कार्बनचा, आत शिरण्याइतका लांब नाही. तो शेजारच्या दोन फॉस्फोलिपिडांना, म्हणजे पटल ज्यांचं बनलेलं असतं त्या मेदाच्या रेणूंना, वरूनच जखडतो. पटल फाटू लागतं आणि आतलं पोटॅशियम गळायला लागतं.

औषधाची मात्रा आणखी वाढवली तर गळती चक्क कमी होते. जंतू सावरला म्हणून नाही, आतली प्रथिनंच गोठून बसतात म्हणून. मला स्वतःला यातला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

आता साबण. त्याच्या रेणूवर ऋणभार असतो, म्हणून औषध जंतूला सोडून साबणालाच चिकटतं आणि वाया जातं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल फिनॉलच्या कुळातलं, त्याचं काम या धनभारावर चालत नाही. साबणाशी त्याचं असं वाकडं नाही.

आपल्या पेशींच्या बाहेरच्या थरात मुख्यतः भार शून्य असलेले फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल, म्हणून त्यांना इजा कमी होते. कमी म्हणजे शून्य नव्हे: डोळ्यात किंवा कानात हे अजिबात जाऊ देऊ नका.

आणि यातून सगळेच जंतू मरतात असंही नाही. बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंचं जाड कवचातलं सुप्त रूप, टिकतात. स्यूडोमोनास हा जिवाणू तर इतका चिवट, की प्रयोगशाळेत तो वेगळा काढायला आम्ही सेट्रिमाइड घातलेलं आगरच (जंतू वाढवायची जेली) वापरतो. बाकीचे बहुतेक त्यावर वाढत नाहीत, हा मात्र मजेत वाढतो. त्यामुळे पाणी घालून पातळ केलेलं सॅव्हलॉन दिवसेंदिवस ठेवून वापरू नका. उरलं तर ओतून द्या.