बेअर आणि बेअर

"मॅडम, मला डिस्लेक्सिया असेल का?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं विचारलं. समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो, म्हणून तिची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम. आमच्याकडे हे नवं नाही. आता किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. ऐन डिसेंबरात खोली तयार व्हायला उशीर झाला, तेव्हा तिनं पाहुण्याला मेल केला, ‘प्लीज बेअर विथ अस’. म्हणजे जरा कळ काढा. पण बी-ई-ए-आरच्या जागी लिहिलं बी-ए-आर-ई. पहिल्याचा अर्थ सोसणं, दुसऱ्याचा उघडंवाघडं! स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. तेव्हापासून चार ओळींच्या मेलला अर्धा तास लागायचा आणि ड्यूटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा.

"चुका सगळ्यांच्याच होतात," मी म्हटलं. ती गप्प. उगाच बोलले, हसू तिचंच झालं होतं, सगळ्यांचं नाही.

पुढच्या वेळी पाठवलेले मेल घेऊन यायला सांगितलं. लहानपणी ती आजीला मराठी पेपर घडाघडा वाचून दाखवायची. डिस्लेक्सिया असता तर वाचनातली अडखळ बहुधा तेव्हाच, मराठीतही दिसली असती. शंका उरली असती तर चाचणीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलंच असतं. मेलमधल्या चुका सगळ्या एकाच जातीच्या होत्या. कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टमध्ये ‘आय’च्या जागी ‘ई’, वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ‘ई’च्या जागी ‘ए’. असे शब्दही इंग्रजीत आहेत, फक्त अर्थ निराळा. म्हणून कंप्युटर खाली लाल रेघ ओढत नाही.

मी कागद पुढे केला. "दोन्ही बेअर देवनागरीत लिही."

तिनं लिहिलं. बेअर. बेअर. बघत राहिली आणि हसली.

तिचा कान पक्का होता. ऐकू येतं ते लिहायचं, हे मराठी शाळेत हाडात मुरलेलं. (‘दिन’ आणि ‘दीन’चा घोळ आपल्याकडेही आहे म्हणा, पण तो तिचा कधीच होत नाही.) इंग्रजीत कर्जाला ‘डेट’ म्हणतात, त्यातला ‘बी’ इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नाही. फ्रेंचमधून शब्द आला तो ‘बी’शिवाय, पुढे लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण म्हणून पंडितांनी तो घुसवला. शूरवीर ‘नाइट’मधला ‘के’ मात्र एके काळी बोलला जायचा. उच्चार गेला, अक्षर राहिलं.

ती उसळली, "म्हणजे घोळ त्यांचा आणि हसं माझं?"

तो राग माझ्या दोन सेशन्सपेक्षा जास्त कामाला आला.

मग एक छोटी वही केली. नेटवरची पाचशे शब्दांची यादी नाही, फक्त स्वतःचे चुकलेले शब्द. खुणाही तिच्याच: अस्वलाचं स्पेलिंग बी-ई-ए-आर, "अस्वल बिचारं सोसतं." मेल लिहून झाला की त्या शब्दांपुरतं एकदा बघायचं, पाठवायचं, पुन्हा उघडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं. पहिल्या आठवड्यात वॉशरूममध्ये जाऊन फोनवर उघडून बघायची. आता नाही बघत.

‘अफेक्ट-इफेक्ट’पाशी अजून अडते. तिथं वाक्यच फिरवून दुसरा शब्द घालते. चालतं.