बचत गटामुळे हातावर पोट असलेलं कुटुंब खरंच स्वतःच्या पायावर उभं राहतं का?

राहतं, पण पापड-लोणची विकून श्रीमंत होण्याची जी चित्रं दाखवतात, तसं क्वचितच. खरा फायदा सावकार सुटण्यात आहे.

गटात साधारण दहा ते वीस बायका. दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत, त्याच पैशातून आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. 'उमेद' म्हणजे राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान; तिथले लोक यालाच पंचसूत्री म्हणतात. घडी नीट बसली की बँक कर्ज देते, तेही तारणाशिवाय. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासासाठीच्या बँकेने 1992 मध्ये 500 गटांपासून ही बँक जोडणी सुरू केली होती.

माझ्या मावशीच्या गटात पत्र्याची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. मावशीने पहिलं कर्ज घेतलं ते धंद्यासाठी नव्हे, मुलाच्या दवाखान्यासाठी. व्याज महिना दोन टक्के. ऐकायला जास्त वाटतं, पण ते व्याज गटातच राहतं. दुसऱ्या कर्जातून दोन शेळ्या आल्या. आता बोकड विकला की शाळेचा खर्च निघतो. बँकेत ती स्वतः जाते, काका बाहेर गाडीपाशी थांबतात!

एक सांगतो: दारात येऊन गट करायला लावणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या म्हणजे बचत गट नव्हे. तिथे बचत नसते, नुसता हप्ता असतो. गावात गट नसेल तर पंचायत समितीत 'उमेद'च्या तालुका कक्षात विचारा. 'माविम'चं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) काम असेल तर तिथेही चालेल.