सैन्यात अधिकारीच का व्हायचंय?

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे फौजेत जाणं इथे नवलाचं नाही. जवळच्या अपशिंगेतले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, तो शिलालेख मी लहानपणीच वाचला होता.

पण 'अधिकारीच का' याचं उत्तर वडिलांच्या एका आठवणीत आहे. बडाखान्याच्या, म्हणजे सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाच्या दिवशी त्यांचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब स्वतः पळी घेऊन जवानांच्या ताटात वाढायचे. एकदा वडिलांच्या ताटात पुरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का?" आठशे माणसांत त्यांच्या हे लक्षात होतं! वडील हे सांगताना आजही थांबतात.

मला तसा माणूस व्हायचंय. डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांचे 1932 सालचे शब्द कोरलेले आहेत: आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी. हा क्रम मला मनापासून पटतो. पगार, मान, गणवेश हेही आवडतं, नाही कशाला म्हणू?

सध्या एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखीची तयारी चालू आहे. खरी धास्ती त्यानंतरच्या पाच दिवसांच्या एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखतीची. तिथे फळी, दोरी आणि ओंडका देऊन गटाला अडथळा पार करायला लावतात, आणि तुम्ही दुसऱ्याचं ऐकता की नाही हेही बघतात. मुलींनाही 2022 पासून खडकवासल्याचं दार उघडलंय, म्हणून यंदा धाकटी बहीणही माझ्यासोबत पहाटे पाचला पळायला येते.