पर्वतीच्या पायऱ्यांवर दम खाऊन आपण नेमके कधी उठतो, हे मेंदूतील रक्तप्रवाहाची लय ठरवते का?

थोडक्यात सांगायचे तर, ती लय उठण्याचा क्षण थोडाफार पुढेमागे करू शकेल. ती तो ठरवते असे म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही.

रक्तदाबात साधारण दर 10 सेकंदांनी एक मंद चढउतार होतो, ज्याला 1876 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या झिगमुंड मायर यांच्या नावाने मायर लहरी म्हणतात, आणि मेंदूतील रक्तप्रवाहातही जवळपास त्याच गतीची लय आढळते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे गेर्ट फुर्टशेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कपाळातून आत जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाने रक्तातील ऑक्सिजन मोजत, स्वयंसेवकांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितले. काहींच्या बाबतीत हालचालीची सुरुवात या लयीच्या विशिष्ट टप्प्याशी जुळलेली दिसली. ‘काहींच्या’ हा शब्द नजरेआड करू नये, कारण सगळा उत्साह तिथेच मावळतो.

शिवाय रक्तप्रवाह चेतापेशींच्या कार्याला काही सेकंद उशिराने प्रतिसाद देतो. त्यामुळे लय कारण आहे की परिणाम, की दोन्हींमागे मेंदूच्या बुंध्यातील एकच यंत्रणा आहे, हे केवळ जुळणीवरून सांगता येत नाही. हालचालीपूर्वी सुमारे एक-दीड सेकंद वाढत जाणारा, 1965 मध्ये कोर्नह्यूबर व डेके या संशोधकांनी नोंदवलेला मेंदूतील विद्युत्-संकेत हालचालीच्या क्षणाच्या अधिक जवळचा आहे.

आणि हे सर्व आपखुशीच्या हालचालीपुरतेच. स्वारगेटच्या सिग्नलवर हिरवा दिवा पाहून गाडी काढणे यात मोडत नाही.